प्रतापगडाच्या पायथ्याशी बसलेल्या पोरी

प्रतापगडच्या, म्हणजे साताऱ्याच्या नव्हे, आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या, महाशिवरात्रीच्या जत्रेला गेले त्याला वर्ष झालं. इतके दिवस लिहायला हात धजत नव्हता. जायचं ठरलं ते शिल्पामुळे. ही माझी कॉलेजची मैत्रीण, अर्जुनी मोरगावला शाळेत शिकवते. म्हणाली, तुझा तो आजार बायांना समजावून सांगायचाय ना, मग जत्रेत ये, अख्खा तालुका लोटतो. माझा आजार म्हणजे व्हॉन विलेब्रँड. रक्त लवकर गोठत नाही, आणि तो घराण्यातून येतो. दाढ काढल्यावर रक्त थांबेना तेव्हा कळलं. तोवर महिन्यातले निम्मे दिवस पाळीतच जायचे आणि मी त्याला नशीब म्हणत होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नागपूरहून गोंदियाला गाड्या भरपूर. उपास नसेल तर गोंदियाला उतरून तर्री-पोहे खा आणि बल्लारशाकडच्या गाडीने अर्जुनी गाठा. जत्रेत एसटी जादा बस सोडते, खिशाला भार नाही. रस्ताभर पळस फुललेला असतो. पाणी आणि टोपी घ्याच, चढणीवर ऊन चांगलंच भाजतं. गडावर महादेव आहे, दर्गाही आहे, दोन्हीकडे नवस फेडायला माणसं येतात.

आम्ही पायथ्याशी टेबल मांडून पोस्टर लावलं. दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. 'पाळी' हा शब्द दिसला की बाया पदर सावरून पुढे सटकायच्या. माझं डोकं फिरलं. शेवटी शिल्पाच म्हणाली, "वर चढणाऱ्यांना काय सांगतेस? ज्या चढत नाहीत त्यांच्याकडे चल." पाळी आलेल्या बायांनी गड चढायचा नाही, असा इथला रिवाज. घरचे वर जातात आणि या बाया झाडाखाली सगळ्यांच्या चपला, पिशव्या राखत बसतात.

तिथे पायल भेटली. कॉलेजात जाणारी, बोलकी, पण चेहरा पार पांढराफटक. शेजारी तिची आत्या, गुडघे धरल्यामुळे खालीच थांबलेली. ती हसत सांगू लागली की पायल दर जत्रेला इथंच बसते, एकदाही वर गेली नाही. "आमच्या घरच्या बायांचं असंच असते. हिच्या मायचंही असंच होतं." माय कुठाय विचारलं, तर पायलच्या धाकट्या बहिणीच्या वेळी बाळंतपणात गेली. रक्त थांबलंच नाही. आत्याने हे अगदी सहज सांगितलं.

मी पायलला सगळं सांगितलं. नागपूरला तपासणी होते, माझ्याकडे राहा, औषधं आहेत, बाळंतपणही नीट होतं, फक्त डॉक्टरला आधीपासून माहीत हवं. तिने विचारलं,

"म्हणजे हे सगळ्यांले नसते?"

इतक्यात तिचे वडील गडावरून उतरले. पुढच्याच महिन्यात तिचं लग्न होतं. मी तपासणीचं बोलले तशी त्यांनी पिशव्या उचलल्या. "जमलेलं लग्न मोडाले आली का तू? तपासाले नेलं का पोरीत खोट निघते." मी भांडले, बायको कशाने गेली तेही तोंडावर विचारलं. त्यांनी नुसते हात जोडले आणि पोरीला घेऊन निघाले. जाता जाता पायलने माझा नंबर तेवढा घेतला.

दुसऱ्या दिवशी नवेगावबांधचा तलाव बघितला. सुंदर आहे, जरूर जा. माझं लक्ष नव्हतं.

घरी येऊन वर्षभर पायलच्या फोनची वाट पाहिली. तुमच्याकडे कुणी 'आमच्या बायांचं असंच असतं' म्हणत असेल तर कृपा करून त्या पोरीला दवाखान्यात न्या. मला एकीलाही नेता आलं नाही.

यंदाच्या महाशिवरात्रीनंतर पायलचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, यंदा मी वर जाऊन आली!" दिवस गेले होते, म्हणून पाळी नव्हती. "बरी झाली मी. आता कायले तपासाचं?"

गरोदरपणात हा आजार दबल्यासारखा वाटतो, खरा धोका बाळंतपणानंतर, हे मी तिला परत परत सांगितलं. तुझी आई आठव, म्हणाले. ती हळूच म्हणाली, "सासरी कोणाले सांगू नका, ताई. मले ठेवणार नाहीत."

सासर कुठलं ते तिने सांगितलं नाही, पत्ता विचारायला गेलेल्या शिल्पाला तिच्या बापाने दारातूनच परत पाठवलं. पायलचा फोन आता बंद लागतो.