कोन्तं रमानगर?

आमच्या आत्याबाईला "कोणतं रमानगर?" असं विचारायची चूक माणूस एकदाच करी. "कोन्तं म्हंजे? रमाईचं!" असं ती एवढ्या जोरात म्हणे, की ऑटोवाला मुकाट्यानं गाडी सुरू करी आणि आम्हाला हमखास दुसऱ्याच रमानगरात नेऊन सोडी. मग घरापर्यंत तंगडतोड. तिचा पारा तरीही उतरलेला नसे.

कचेऱ्यांत तेलुगू चालणाऱ्या आमच्या गावात रमानगरं दोन. आमचं जिनिंगच्या मागचं, दुसरं रेल्वे फाटकापलीकडचं. दोन्हीकडे मजुरीसाठी खेडी सोडून आलेली आमचीच माणसं, दोन्हीकडे विहार. एकमेकांना न विचारता दोघांनी एकच नाव ठेवलं. त्यामुळे टपाल, सिलिंडर, मुलगी पाहायला आलेले पाहुणे, सगळ्यांचा घोळ. चुकून आलेल्याला आत्याबाई चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. "चुकला कुठं बाप्पा? रमानगरातच आला ना?" एकदा नवरदेवाकडची मंडळी आमच्याकडे पोहे खाऊन, मुलगी कधी दाखवता म्हणून बसून राहिली. मुलगी फाटकापलीकडची होती. आईनं कपाळाला हात लावला.

ती शाळेत आया होती. पन्नाशीला सही शिकली, आणि तेव्हापासून कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय तिनं कशावर सही केली नाही. यापायी बँकेत तिच्यामागे रांग खोळंबायची.

दोन वर्षांपूर्वी एका कचेरीतून साहेब आले. घोळ मिटवायचा होता. म्हणाले, तुमची वस्ती जुनी, तसं लिहून द्या; नाव तुमचं राहील, फाटकापलीकडच्याचं 'कोत्तपेट' करू. म्हणजे तेलुगूत नवी पेठ! आमची माणसं हरखली. मीही पेन काढलं. पहिली सही वयानं मोठी म्हणून आत्याबाईची होती. तिनं कागद दोनदा वाचायला लावला.

"म्हंजे आमी मोठे म्हनून धाकटीचं नाव हिसकून घ्याचं?"

"अम्मा, आपका नाम तो रहेगा," साहेब म्हणाले.

"आमचं ठेवाले तुमी कोन? खेड्यात आमच्या वस्तीले दुसऱ्यानं नाव देल्लं होतं. ते तोंडावर आनाची लाज वाटे. इथं आलो तवा हे आमच्या तोंडानं ठेवलं. त्यायनंबी ठेवलं. मी दस्तखत करत नाही." मग माझ्याकडे वळून, "पेन खिशात घाल."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. एकेकानं हात मागे घेतले. कागद बिनसहीचाच परत गेला.

दोन्हीकडचं नाव टिकलं, पण कचेरीनं आपली खोड सोडली नाही. मागच्या महिन्यात आत्याबाई गेली. मयताला फाटकापलीकडचं अख्खं रमानगर आलं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र पत्त्यापुढे कंसात लिहून आलं, 'पात'. म्हणजे तेलुगूत जुनं.

मी दाखला परत केला.

"एवढ्याशा शब्दानं काय बिघडतं, सर?" खिडकीतला कारकून म्हणाला.

मीही कारकूनच. जन्मभर भांडण टाळत आलो. पण त्या दिवशी डोकं तापलं ते तापलंच. म्हणालो, "तिनं दस्तखत केलं नव्हतं."

आतापर्यंत तीनदा परत केलाय. सोमवारी पुन्हा जाणार आहे.