भिंग न काढता दिलेला निकाल

हस्तिदंत पारखण्यात माझ्या मामाचा हात धरणारं कुणी नाही, असं मामाचंच म्हणणं आहे. दुर्दैवाने ते खरं आहे. पूर्वेकडच्या देशांतली जुनी कोरीव मूर्ती हातात आली की तो आधी ती उलटी करतो. बुडाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषा दिसल्या तर हस्तिदंत, काळे ठिपके दिसले तर हाड, साच्याची शिवण दिसली तर प्लास्टिक. मग पाठ बघतो. "चेहरा कुणीही गोड करतो. मागच्या घड्या मन लावून कोरल्यात का ते बघा. भाव कारागिराच्या हाताचा, हत्तीच्या दाताचा नव्हे," असं गिऱ्हाइकाला सुनावतो आणि चहा मागवतो. स्वतःपुरता.

माणसं मात्र तो लांबूनच पारखतो.

माझे बाबा ट्रक चालवायचे. एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचं अख्खं घर त्यांनी एक कपही न फोडता हलवलं, तेव्हा बाईंनी खूश होऊन त्यांना बोटभर उंचीचा मासेमार दिला, खांद्यावर जाळं टाकलेला. लग्नानंतर पहिल्यांदाच आईच्या माहेरी जाताना बाबा तो कौतुकाने घेऊन गेले. "खरा हस्तिदंत आहे," म्हणाले. मामाने खुर्चीतून न उठता "प्लास्टिक!" असा निकाल दिला आणि सगळं घर खो-खो हसलं. पुढे कुणी थाप मारली की आमच्या आजोळी "आला हस्तिदंत" म्हणायची पद्धतच पडली. बाबांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. मला मामाचा राग येतो तो तेवढ्यासाठी.

बाबा गेल्यावर दीड महिन्याने मामा आईला भेटायला आला. आईने मासेमार त्याच्यापुढे ठेवला.

"दादा, भिंग काढ."

"आता कशाला? बघितलंय मी."

"बघितलं नाहीस. नुसता बोललास."

तोंड वाकडं करत त्याने भिंग काढलं, मूर्ती उलटी केली आणि तसाच उठून खिडकीशी गेला. किती तरी वेळ तिथेच. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू!

"जाळ्याचा एकेक दोरा सुटा कोरलाय," तो पुटपुटला. "पाठ तर... कागदपत्रांशिवाय विकता येणार नाही म्हणा, पण योग्य भाव बघितला तर..."

"भाव कोण विचारतंय? खरा की खोटा?"

"खरा."

"मग लिहून दे. सही-शिक्क्यासकट."

मामाने बॅगेतून छापील दाखला काढला. वस्तू, साहित्य, कारागिरी, सगळं सुबक अक्षरात भरलं. 'मालक' या रकान्याशी पेन थांबलं. त्याला जड जातंय, असं मला वाटलं. पण त्याने मान वर केली आणि हळूच विचारलं, "त्यांचं... पूर्ण नाव काय गं?"

तीस वर्षं तो बाबांना नुसतं 'ड्रायव्हर' म्हणत आला होता.

आईने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि मामा मान खाली घालून लिहीत गेला.