नफ्याले पोट नसते

जेवण झालं की सर दोन्ही हात पोटावर ठेवायचे आणि म्हणायचे, "भरलं. आता पुरणपोळी आणली तरी नको. नफ्याले पोटच नसते बे, म्हणून त्याचं भरतच नाही."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं वाक्य आपल्याला पाठ असतं पण आपण ते मानलेलं मात्र नसतं.

सर म्हणजे देशी कपाशीचे मोठे शास्त्रज्ञ. देशभर नाव. निवृत्तीनंतर पिंपळगाव राजाला आपल्या शेतात येऊन राहिले. मी त्यांच्या हाताखाली संशोधन केंद्रावर काम केलं होतं; पुढे नांदुऱ्यात बियाण्यांचं दुकान टाकलं. आठवडी बाजाराला ते एसटीने यायचे, दुकानातल्या बाकावर बसायचे आणि माझ्याच गिऱ्हाइकांना माझ्या धंद्याविरुद्ध शिकवायचे.

"सर, तुम्ही समाजवादी आहात का हो?" कोणी चिडवायचं.

"हाव, आहे ना. बोंड फोडून पाहा. साऱ्या सरक्या एकाच कापसात झोपतात. एक फुगून बाकीच्याइले खाते का?"

आपण तयार केलेलं वाण ते जुन्या धोतराच्या चिंध्यांत पुरचुंड्या बांधून वाटायचे. अट एकच: पीक आलं की दोघांना फुकट द्यायचं. एका कंपनीचे साहेब ते वाण मागायला आले, तेव्हा सरांनी चहा पाजला, प्रत्येकाच्या हातावर पुरचुंडी ठेवली आणि तीच अट सांगितली. साहेब हसत गाडीत बसले.

मीही एक पुरचुंडी नेली होती. बी वाढवलं. दोघांना दिलं नाही. चकचकीत पाकिटं केली, वर सरांचा फोटो छापला. त्यांना विचारलं नव्हतं. लोकांना वाटलं, सरांचीच संमती आहे. मी तसं वाटू दिलं.

एका बाजाराला त्यांनी पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सारला.

"फोटो चांगला आला बे."

मी गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजू लागलो.

"किंमत माह्या डोक्यापेक्षा मोठी छापली." ते हसले. मग हळू आवाजात, "लोक म्हणून राह्यले, सरबी शेवटी दुकानदारच निघाले. तू सांगशीन त्याइले खरं काय ते?"

"सांगतो, सर."

सांगितलं नाही. हंगाम होता, गर्दी होती. खरं म्हणजे पाकिटावरून फोटो काढून टाकला असता तर पाकिटं पडून राहिली असती. सर पुन्हा त्या बाकावर बसले नाहीत. पुढची पेरणी त्यांनी पाहिली नाही.

तेरवीला त्यांच्या सुनेनं माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. "बाबानं तुमच्यासाठी बांधून ठेवली व्हती. अट तुमाले माहीत आहे म्हणे."

मध्यंतरी एक ओळखीचा शेतकरी दुकानात आला. मी पुरचुंडी पुढे केली. "घेऊन जा. सरांचं बी आहे. पैसे नकोत."

त्यानं चिंधी उलटसुलट करून पाहिली. "फुकट? काऊन बा, उगवत नाही का?"

"उगवते."

"मंग तुमी फुकट देता?" तो हसला. पुरचुंडी परत ठेवली आणि मागच्या फळीकडे बोट दाखवलं. "ते फोटोवालं पाकीट द्या. सरांचं खरं बी तेच."

मी पाकीट दिलं. तेव्हा नाही बोललो, म्हणून आता लिहितो आहे: बी सरांचं होतं, पण त्या पाकिटाशी त्यांचा काही संबंध नव्हता. फोटो, किंमत, नफा, सगळं माझं होतं.

त्या संध्याकाळी पुरचुंडीतल्या थोड्या सरक्या ओल्या फडक्यात गुंडाळून बाकावर ठेवल्या, सर बसायचे त्या जागी. काही दिवसांनी फडकं उघडलं. एकूणएक सरकीला मोड आले होते. "पाहा, सर," म्हणत मी मान वर केली. बाकावर कोणी नव्हतं.