सपाटीवर सांगायचं

आमच्या मामंजींचा धंदा सुतारकीचा, पण चारी वाड्या त्यांना खुर्चीवाले म्हणतात. कधीकाळी त्यांनी एका खुर्चीला दोन लांब दांडे बांधले आणि आजारी माणसाला डोंगरावरून गाडीरस्त्यापर्यंत नेण्याचं काम जन्मभर गळ्यात पडलं. प्रत्येक वाडीनं एकेक खांदा द्यायचा, असं ठरलेलं.

नियमही त्यांचेच. आजाऱ्याचं तोंड मागं करायचं, म्हणजे त्याला दरी दिसत नाही. घरच्या माणसानं पुढचा दांडा धरायचा नाही. आणि वाटेत माणूस गेलाच, तर मागच्यांनी पुढच्याला सांगायचं नाही. त्याचा पाय लटपटला तर सगळेच दरीत. सपाटी लागली की सांगायचं. "उतारावर मरू नकोस हं," असं ते आजाऱ्यालाच दटावायचे, आणि तोही कण्हता कण्हता हसायचा.

आता हसायला आहे कोण? एकेक करत वाड्या शहरात गेल्या. माझा नवराही गेला. मी राहिले, कारण सासूबाईंना सोडून पाय निघेना.

परवा सासूबाईंच्या छातीत कळ आली. मामंजींनी टेकाडावरून तिन्ही वाड्यांना हाका मारल्या. आला फक्त एक म्हातारा मेंढपाळ, तोही धापा टाकत. पुढे एकटे मामंजी, मागे मेंढपाळ आणि मी. घरच्यानं पुढं राहू नये ना, असं मी म्हटलं तर खेकसले, मग काय तुझा नवरा येणार आहे का? खरंच होतं. मला त्या सगळ्या निघून गेलेल्यांचा असा संताप आला की काय सांगू!

सासूबाईंचं तोंड माझ्याकडे होतं. पदर खोचून घे, अडखळशील, एवढं म्हणाल्या. कड्याच्या वळणावर त्यांची मान कलली. डोळे उघडेच राहिले. मेंढपाळानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"कशी आहे गं?" मामंजींनी पुढून विचारलं.

"बऱ्या आहेत. तुम्ही चला."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. बायकोशी मात्र बोलत राहिले. खाली पोचलो की आधी चहा पाजतो, म्हणाले.

ओढा ओलांडला आणि सपाटी लागली. मामंजी थांबेचनात.

"मामंजी, सपाटी आली."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "पुढं अजून एक उतार आहे," म्हणाले.

उतार नव्हता. समोर गाडीरस्ता दिसत होता. आम्ही त्यांच्या मागनं चालत राहिलो.