नलूचा हात

आमच्या वाद्यवृंदात स्टील गिटार वाजवणाऱ्या दोघी आहोत, मी आणि नलू. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत न्यायची. सूर लांबवताना कांडीचा हात हलकेच थरथरवला की तो सूर गाऊ लागतो. विशीत ही थरथर यावी म्हणून मी आरशासमोर बसायची. त्यात हातापेक्षा डोळे मिटण्याचाच सराव जास्त झाला. नलूशी जुळवून घेणं तर मला फारच कमीपणाचं वाटे. ती हळू थरथरली की मी मुद्दाम घाई करायची.

आता माझा हात न सांगता थरथरतो आणि थांब म्हटलं तरी थांबत नाही. म्हणून काल तालमीला जाताना ठरवलं होतं, आज गिटार सोडते म्हणून सांगून टाकायचं. पण वाजवताना पाहिलं, तर नलूचाही हात माझ्याच चालीने थरथरत होता. चला, हीसुद्धा म्हातारी झाली. मला जरा बरंच वाटलं.

मग चहा आला. माझा कप बशीवर वाजत होता. नलूने मात्र काठोकाठ भरलेला कप उचलला आणि थेंबही न सांडता ओठांना लावला.

मी बघतच राहिले.

"काय बघतेस?" ती म्हणाली. "दोन गिटारी वेगवेगळ्या थरथरल्या, तर लोकांना भांडण ऐकू येतं. चहा पी, अजून एक गाणं राहिलंय."

सोडण्याचं मी बोललेच नाही. त्या गाण्यात मात्र मुद्दाम थोडी घाई केली. नलूने डोळे वटारले, आणि आली मागोमाग.