पहिल्या ओळीवरचं नाव

सिर्क्कू मोईलानेनने एकोणतीस हिवाळे कुर्येनवारा गावच्या शाळेचं मैदान पोरांच्या स्केटिंगसाठी गोठवलं. मैदान गोठवणं म्हणजे नळी धरून पाणी सोडणं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा करून बघावं. एकदम ओतलं की वर पापुद्रा आणि खाली पोकळ. पोराचा पाय आत गेला की घोटा कामातून गेला. पाणी हलक्या हाताने द्यायचं, थरावर थर, आणि खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरचा नाही. सिर्क्कू बुटाची टाच आपटायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, तयार की कच्चा. पुढे गावात अकराच पोरं उरली, शाळेला कुलूप लागलं, पोरं बसने दुसऱ्या गावी जायला लागली. तरी त्या हिवाळ्यात ही बाई मैदान गोठवतच राहिली. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, "थंडी वाया जाते."

अशा बाईला तिची भाची वेन्ला एकदा तो नवा खेळ बघायला घेऊन गेली. डोंगरउतारावर बर्फाची वाट बांधलेली, वळणं, उंचवटे, मधेच माणूसभर खाली उडी, आणि चौघंजण स्केट्स बांधून एकदम सुटतात. जो पहिला खाली पोचेल तो जिंकला. धक्केबुक्के चालतातच. वेन्ला स्वतः त्यात उतरायची, दोनदा खांदा मोडून घेतला होता.

"कसं वाटलं, मावशी?"

"तिसऱ्या वळणावर बर्फ भुसभुशीत आहे," सिर्क्कू म्हणाली. "पोरांचे जीव घेतील मेले."

बस्स, तिथून सगळं सुरू झालं. घरी येईपर्यंत बाईने ठरवून टाकलं होतं की आपल्या टेकडीवर जुन्या स्की-उडीचा उतार ओसाड पडलाय, तिथे आपण अशी वाट करायची आणि ती नीट करायची. वेन्लाने खेळाच्या संघटनेला गळ घातली, फेब्रुवारीतला एक शनिवार मिळाला. डिसेंबरपासून सिर्क्कू टेकडीवर. तळ्याचं पाणी जवळ होतं, पण ते दलदलीचं, चहासारखं तांबडं. जरा ऊन लागलं की तसला बर्फ ढिला पडतो. म्हणून तिने वरच्या झऱ्याचं पाणी आणवलं. पंप आगीच्या बंबवाल्यांचा, फळ्या लाकूडतोड्यांच्या. मदतीला कोणाला बोलवावं लागलं नाही. आमच्याकडे कोणी फावडं घेऊन एकटं काम करताना दिसलं की शेजारी आपलं फावडं घेऊन येतो, दोन तास खपतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो.

जाहिरात मात्र सिर्क्कूनेच लिहिली. वेन्लाला हवं होतं 'उत्तरेतला सर्वांत थरारक उतार'. सिर्क्कूने लिहिलं: 'शनिवारी टेकडीवर स्केटिंग आहे. जरा वेगात. कॉफी मिळेल.'

"अगं मावशी, याला जाहिरात म्हणतात?"

"खोटं काय आहे त्यात?"

खेळाडू तरीही बत्तीस आले, कारण वेन्लाने परस्पर सगळीकडे चित्रफिती पाठवल्या होत्या. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. परवाना देणाऱ्या बाईंची अट होती की चारशे मीटरच्या वाटेवर दर दहा मीटरला एक माणूस पिवळा झेंडा घेऊन उभा पाहिजे. कोणी पडलं की त्याने मागच्यांना थांबवायचं. चाळीस माणसं, नावानिशी, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. नाहीतर शर्यत रद्द.

सोमवारी सिर्क्कूने दुकानातल्या फलकावर कागद लावला. चाळीस ओळी आखलेल्या, डाव्या बाजूला आकडे. फलकाशेजारीच कॉफीचं टेबल, तिथे कौको हेइकुरा आणि त्याची दोस्तमंडळी रोज बसलेली असतात. कौको म्हणजे तिचा शेजारी, जन्मभर जंगलात झाडं पाडली, आता वेलचीचे पाव खातो.

मंगळवारी कागद कोरा, बुधवारी कोरा.

"कौको, येणार ना शनिवारी झेंडा धरायला?"

"बघू."

"पाहिलास का कागद?"

"पाहिला की. सरळ ओळी मारल्यात."

गुरुवारीही कागदावर माशी बसली नव्हती. सिर्क्कूचं डोकं फिरलं. अरे, दोन महिने फावडी घेऊन आलात, आणि नाव लिहायला हात झडले? की बाईच्या वेडापायी आपल्याला कशाला ताप असं झालं? संध्याकाळी तिने ओउलूला बहिणीला फोन लावला. बहीण दोन वर्षं मागे लागली होती की शहरात ये, माझ्या इमारतीत खोली रिकामी आहे, एकटी काय करतेस तिथे.

"आहे का गं खोली अजून?"

"आहे. का? काय झालं?"

"काही नाही. मी येते. या गावाला माझी गरज नाही, हे मला आता कळलंय." एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडली. खोटं कशाला सांगा, चांगली हमसून हमसून रडली.

शुक्रवारी सव्वादहाला ती दुकानात शिरली ती थेट फलकाकडे. टाचणी उपटायला लागली.

"काढतेस?" गल्ल्यावरून तुओवीने विचारलं. दुकान तिचंच.

"काढते. एक नाव नाही. तुम्हाला नको, मलाही नको."

कौकोने पाव खाली ठेवला. "नको कोण म्हणालं?"

"कागद म्हणतोय!"

"अगं, पहिल्या ओळीवर कोण लिहिणार?" कौको असा चिडला की कप हिंदकळला. "मी काय गावाचा पुढारी आहे? सगळ्यांत वर माझं नाव! लोक म्हणतील, हेइकुराला मिरवायची हौस."

"मी मंगळवारी पेन काढलं होतं," त्याच्या शेजारचा म्हातारा म्हणाला. "पण कोणीच नव्हतं वर. परत ठेवलं."

"माझ्याकडून आठवडाभर सगळं गाव पेन मागून नेतंय," तुओवी म्हणाली. "न्यायचं, फलकासमोर उभं राहायचं, आणि आणून द्यायचं. मला वाटलं पेनच चालत नाही. दोनदा बदललं!"

सिर्क्कू टाचणी हातात धरून उभीच राहिली.

"आणि तुझं कुठे आहे?" कौकोने विचारलं.

"माझं कशाला? मी तर आहेच. माझं नाव वर घातलं तर लोक म्हणतील..." लाजेने कान लाल झाले तिचे. म्हणजे चार दिवस ज्या लोकांना ती मनातल्या मनात शिव्या घालत होती, त्यांच्यात ती स्वतःही होतीच की. मांजराच्या गळ्यात घंटा तिनेही बांधली नव्हती.

"म्हणतीलच," कौको म्हणाला. "लिही."

तिने कागद पुन्हा लावला, तुओवीकडून पेन घेतलं आणि पहिल्या ओळीवर लिहिलं, सिर्क्कू मोईलानेन. अक्षर इतकं बारीक की तिलाच चष्म्याशिवाय दिसेना. कौको उठला. दुसऱ्या ओळीवर त्याने दणदणीत अक्षरात नाव टाकलं आणि जागेवर येऊन उरलेला पाव खाल्ला. मग शेजारचा म्हातारा. मग तुओवी. तिने लिहिता लिहिता दुसऱ्या हाताने फोन फिरवला आणि एवढंच म्हणाली, "सुरुवात झालीय. चार आहेत वर."

तेवढं पुरलं. पंधरा मिनिटांत दुकानाबाहेर ट्रॅक्टर, पायाने रेटायच्या घसरगाड्या, बंबवाल्यांची गाडी. लोक आत येत, टोपी काढत, रांगेत उभे राहत, नाव लिहीत आणि आलोच आहोत म्हणून दूध घेऊन जात. पावणेबाराला चाळीस ओळी संपल्या. मग माणसं कागदाच्या पाठीवर लिहायला लागली. त्रेसष्ट नावं झाली! वेन्लाने फोटो काढून पाठवला. बाराला सहा मिनिटं असताना परवानावाल्या बाईंचं उत्तर आलं: 'मंजूर. चाळीस पुरे होते.'

सिर्क्कूचा जीव भांड्यात पडला. ती कॉफीच्या टेबलाशी बसली, तिच्यापुढे कोणीतरी कप सरकवला, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी तिला कळलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

शनिवारी उणे एकोणीस होतं आणि आकाश निरभ्र. वाटेच्या दोन्ही अंगांना झेंडेवाले उभे. दहा मीटरचं अंतर कसं ठेवायचं हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. बसथांब्यावरही आम्ही तसेच उभे असतो. सिर्क्कूने तिसरं वळण मागून घेतलं होतं. तिच्या खालच्या अंगाला कौको.

शिट्टी झाली. वरून चौघं सुटले, त्यांत वेन्ला. खरखर, धडधड, उडी, आणि बघता बघता चौघंही वळणावर. एकीचं स्केट बर्फात खोल रुतलं, कड कचकचली. सिर्क्कूने श्वास रोखला. बर्फाचा टवकाही उडाला नाही. पोरगी सावरली, चौघं सपकन खाली गेले, आणि काही क्षणांनी खालून लोकांचा ओरडा ऐकू आला. आमच्या लोकांचा, होय! ओरडतात कधी कधी.

सिर्क्कूने टाच आपटून बघितली. पक्का होता. मग तिचे डोळे जे भरून आले ते थांबेचनात, आणि असल्या थंडीत रडणं म्हणजे पापण्या चिकटायची वेळ. ती हातमोज्याने डोळे पुसत राहिली. आनंद झाला होता तिला, दुसरं काही नाही.

कौकोने ते बघितलं. आधी त्याने शिस्तीत तोंड दुसरीकडे केलं. मग झेंडा काखेत मारून तो दहा मीटर चढून वर आला आणि अगदी तिच्या खांद्याला खांदा लागेल असा उभा राहिला.

"जागा सोडलीस तू," ती म्हणाली.

"सोडली." तो बर्फाकडेच बघत होता. "तुझ्या बहिणीने तुओवीला फोन केला होता. तू ओउलूला निघालीस म्हणे."

सिर्क्कूने झेंडा दुसऱ्या हातात घेतला.

"जाऊ नकोस," कौको म्हणाला. चाळीस वर्षांच्या शेजारात त्याने तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

"नाही जात," ती म्हणाली. "आता खाली जा बघू, पुढचे चौघे सुटतील."