उठले, पण गेले नाहीत

कुमुदताई सोनटक्के यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण एका लग्नाच्या सीडीवरून झाले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नांची चित्रणे जुळवून देत असे. वरातीवर गाणे चढवायचे, अक्षता संथ गतीने पाडायच्या, नवरा-नवरीभोवती बदामाचा आकार फिरवायचा, या कलेत माझा हात धरणारा त्या परिसरात कोणी नव्हता, असे निदान माझे मत होते. एके दिवशी पांढऱ्या केसांच्या एक बाई पुतणीच्या लग्नाची सीडी घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "यातले नवरीचे वडील कुठे गेले?"

"आहेत की. स्टेजवर आहेत, पंगतीत वाढताना आहेत."

"पाठवणीच्या वेळी ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. तुमचा माणूस शूटिंग करत होता, मी बघितलंय."

"ते नुसतेच उभे होते हो, ताई. काही करत नव्हते, म्हणून काढून टाकलं."

"काही करत नव्हते? अहो, पोटची मुलगी सासरी चाललेली आणि ते रडत नव्हते. हे काम तुम्हाला कमी वाटतं?"

मी धुसफुसतच ती चाळीस सेकंदे परत घातली. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. मला वाटले, आता आणखी कोणाचे काका राहिले. पण त्यांनी विचारले, "माझ्याकडे काम करशील का?" त्या गेल्यावर स्टुडिओच्या मालकांनी कपाळाला हात लावून मला सांगितले की, आबांचे सगळे चित्रपट ज्यांच्या हातून जुळले त्या संकलक कुमुदताई त्या ह्याच. आबा म्हणजे आपले ज्येष्ठ दिग्दर्शक. त्यांनी आज ऐंशी ओलांडली आहे आणि आपण सगळे त्यांना याच नावाने ओळखतो.

ताईंच्या डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बाहेरच्या खोलीत संसार आहे आणि आतल्या खोलीत सिनेमा. आतल्या खोलीत खायला सर्वांना बंदी आहे, अपवाद ताईंच्या शेंगदाण्यांचा. फोनचा त्यांना मनस्वी तिटकारा. जिभेला धार अशी की, नवे दिग्दर्शक आत जाताना देवाचे नाव घेत. पण माणसाचा मान कसा राखावा हेही मी त्याच खोलीत शिकलो. मी फारसा शिकलेला नव्हतो, इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींसमोर माझी दातखीळ बसे. एकदा एका पाहुण्यांनी मला नोकर समजून पाणी आणायला सांगितले. ताई स्वतः उठल्या, पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे माझे सहकारी आहेत. दुसऱ्या भागाचं संकलन यांनी केलंय, तुम्ही आत्ता ज्याचं कौतुक केलंत तो." एरवी त्या मला सर्रास "अरे गाढवा" म्हणत, पण त्या पाहुण्यांसमोर दोन तास मी 'अहो' होतो. घरी जाऊन मी हे आईला सांगितले तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

ताईंची काम करण्याची एक रीत आपल्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. चित्रपट लागला की त्या थिएटरात जातात, पण पडद्याकडे पाठ करून बसतात. पुढच्या बाजूला, कडेच्या दाराशी एक स्टूल मागून घेतात आणि साऱ्या खेळभर प्रेक्षकांचे चेहरे बघतात. मांडीवर वही. लोक कुठे हसले, कुठे खोकले, कुठे उठले, कुठे एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितले, हे सारे त्यात येते. आबा वर्तमानपत्रातली परीक्षणे वाचत नाहीत. ते ताईंची वही वाचतात.

आता मी ज्या प्रसंगाकडे येतो तो आपल्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. अनेक मैफलींत तो हसत सांगितला गेला आहे. मात्र तो अर्धाच सांगितला जातो, आणि उरलेला अर्धा सांगण्यासाठीच मी ताईंच्या गौरवग्रंथाच्या समितीकडे या लेखाची जागा मागून घेतली.

दोन वर्षांपूर्वी आबांचा गुंडांच्या टोळीवरचा चित्रपट लागला. तीन तास पस्तीस मिनिटांचा. खाडीकाठच्या एका गावातला मुलगा भाई होतो, राज्य करतो, तुरुंगात जातो आणि म्हातारा होऊन परततो, अशी ती कथा. पहिल्याच दिवशी आबांच्या चाहत्यांनी त्याचे 'लांबडा' असे नामकरण केले. आपल्याकडे सापाचे नाव घ्यायचे नसले की लांबडं म्हणतात, त्यामुळे त्या नावात धाकही होता आणि लाडही. कल्याणच्या जुन्या थिएटराबाहेर ढोल वाजले. तरुणपणी आबांचे सिनेमे पाहिलेले काका मुलांना आणि जावयांना घेऊन आले. रिक्षांच्या पाठीवर भाईचे संवाद झळकले. फोनवर तर कहर होता. एकाने लिहिले, "जाताना डबा घेऊन जा." दुसऱ्याने लिहिले, "पप्पा झोपले, उठले, तरी भाई अजून जेलमध्येच." आंबिवलीच्या एका बहाद्दराने तिसऱ्यांदा पाहून तक्रार केली की, यावेळी तरी भाई वाचेल असे वाटले होते. डोंबिवलीच्या ज्येष्ठ मंडळींनी चित्रपटातल्या शिव्यांचा निषेध करणारे सविस्तर पत्र पाठवले आणि खाली ताजा कलम म्हणून दुपारच्या खेळांची संख्या वाढवण्याची विनंती केली.

आबांना मात्र एकच चिंता होती. मध्यंतराच्या अगदी आधी भाईच्या आईची अंत्ययात्रा आहे. सहा मिनिटे कॅमेरा गल्लीच्या तोंडाशी, ओट्यावर बसलेल्या माणसाच्या उंचीवर स्थिर आहे. समोरून यात्रा जाते. संगीत नाही, संवाद नाही. भाई तुरुंगात आहे, म्हणून खांदा द्यायलाही तो तिथे नाही. निर्मात्यांना ही सहा मिनिटे पहिल्यापासून खुपत होती. पहिल्या आठवड्यात लोक कंटाळले तर ती काढायची, असे ठरले होते. आबा मला म्हणाले होते, "बाबा रे, माझी आई त्यात आहे."

नेमके तेव्हाच ताईंच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी वही माझ्या हाती दिली आणि कल्याणला पाठवले. "पडद्याकडे बघायचं नाही," एवढीच ताकीद.

मी पडद्याकडे बघितले. या चित्रपटात सहसंकलक म्हणून प्रथमच माझे नाव होते. ते मोठ्या अक्षरांत येताना बघायचे म्हणून मी पुढे स्टुलावर बसलोच नाही, मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि तिथेच रमलो. अंत्ययात्रेच्या प्रसंगी पुढची डोकी उठताना दिसली. आधी दोन-चार, मग रांगाच्या रांगा. मी वहीत लिहिले, "पुष्कळ उठले." तेवढ्यात मध्यंतराचे दिवे लागले आणि सारेच वडापावाकडे निघाले. संध्याकाळी निर्मात्यांसाठी वही साफ उतरवून काढताना ते वाक्य मला अपुरे वाटले. मी त्यात एक शब्द घातला. "पुष्कळ उठून गेले."

दुसऱ्या दिवशी निर्णय झाला. सहा मिनिटे काढायची, नवी प्रत सोमवारी थिएटरांत. आबांनी वादही घातला नाही. त्यांचा फोन मी उचलून ताईंना दिला, तेव्हा ते म्हणाले, "कुमुद, कापून टाक. माझी माणसंच उठून गेली तर मी कुणासाठी हट्ट धरू? आता बास झालं, हा शेवटचा." फोन ठेवून ताईंनी चपला घातल्या. मग मला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. कल्याणला जाऊ."

डोळ्यांवर काळा चष्मा, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला मनाई केलेली, त्यामुळे ताईंची पाठ त्या दिवशी अधिकृतच होती. सकाळचा खेळ भरलेला होता. भाईसारखा फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक तरुण पुढच्या रांगेत होता. त्याने काळजीने वाकून सांगितले, "आज्जी, पिक्चर तिकडे आहे, मागे."

"माहीत आहे रे. मीच जोडलाय."

अंत्ययात्रेचा प्रसंग आला. यावेळी मी ताईंच्या शेजारी, प्रेक्षकांकडे तोंड करून होतो. चौथ्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठले. टोपी सारखी केली, हात जोडले आणि उभे राहिले. मग त्यांच्या मागचे, मग कडेचे. शिट्ट्या मारणारी पोरे उठली. फुलांचा शर्ट उठला. कोणीही दाराकडे वळले नाही. रस्त्यावरून प्रेत जाताना आपण दुकानाच्या फळीवरून उठून उभे राहतो, तसे ते सगळे थिएटर उभे होते.

मध्यंतरात ताईंनी त्या वृद्धांना गाठले. ते शेजारच्या गावातले आगरी शेतकरी होते. "बाबा, तुम्ही उठलात कशाला?"

"मयत चाललाय समोरशी, नि मी बसून रव्हू?" त्यांना प्रश्नाचेच नवल वाटले.

फुलांच्या शर्टानेही भर घातली. "भाईची आई आहे ना, आज्जी. तो येऊ नाही शकला. मग कोणीतरी उभं राहायला पाहिजे ना? मी दुसऱ्यांदा आलोय, त्या दिवशी पण सगळे उठलेले."

परतीच्या रिक्षात, घर जवळ आल्यावर ताईंनी विचारले, "'गेले' कुठून आणलंस?"

"मला वाटलं..."

"वाटलं तर 'वाटलं' असं लिहायचं."

त्याच दुपारी त्या निर्मात्यांच्या कार्यालयात गेल्या. मी सोबत होतो, सारे कबूल करायचे असे ठरवूनच गेलो होतो. पण मी तोंड उघडण्याआधीच ताई म्हणाल्या, "नोंद माझ्या वहीतली आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, सांगताना माझीच गफलत झाली. लोक उठतात, पण जात नाहीत. सहा मिनिटं राहू द्या." मी पुढे सरकलो तर त्यांनी माझा हात दाबला, आणि तो असा दाबला की मी गप्प बसलो. निर्माते हसले. "ताई, आता विश्रांती घ्या," असे म्हणाले. सहा मिनिटे राहिली.

आबांचा विश्वास बसेना. ताईंनी त्यांना रविवारी कल्याणला आणले आणि आपल्या स्टुलावर, पडद्याकडे पाठ करून बसवले. प्रसंग आला, थिएटर उठले. आपल्या समोर शेकडो माणसे हात जोडून उभी आहेत हे पाहून आबा गडबडून स्वतःही उठू लागले. "कुमुद, हे माझ्यासाठी...?"

"म्हातारीसाठी. तुमच्यासाठी नाही. बसा."

आबा बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्या रविवारपासून 'हा शेवटचा' हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले नाहीत.

इथे आपल्या मैफलींतली गोष्ट संपते. ताईंचे डोळे चुकले, ताईंनीच निस्तरले, आणि लोक हसतात. आबा अजूनही दर भेटीत विचारतात, "काय कुमुद, डोळे तपासलेस का?" ताईही हसतात. पण त्यानंतर त्या निर्मात्यांनी पुढचा चित्रपट ताईंकडे दिला नाही. तो माझ्याकडे आला. मी नको म्हणालो, तेव्हा ताईंनी मला झापले. "तू नाही घेतलास तर तिसराच कुणी घेईल. काम कर आणि तोंड बंद ठेव. तुझं आत्ता कुठे नाव होतंय, माझं व्हायचं ते होऊन गेलंय." मी काम घेतले. तोंडही बंद ठेवले. दोन वर्षे मी त्या हसण्यात सामील होतो, आणि प्रत्येक वेळी मला स्वतःची लाज वाटत होती.

मागच्या आठवड्यात मी निर्मात्यांना भेटलो आणि खरे काय ते सांगितले. त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे ताईंचे डोळे ठीक आहेत?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा बरे," मी म्हणालो.

"मग त्या इतके दिवस..." ते थांबले आणि त्यांनी ताईंच्या घरचा पत्ता मागितला. फोन करू नका, त्या उचलत नाहीत, हे मी त्यांना बजावून सांगितले. आबांचा नवा चित्रपट या दिवाळीनंतर सुरू होत आहे. तो कोणी जुळवायचा हे आबांनी कधीच ठरवलेले आहे, आता निर्मात्यांचीही हरकत उरलेली नाही.

या ग्रंथातले सगळे लेख छपाईआधी नजरेखालून घालण्याचा ताईंचा आग्रह होता, पाल्हाळ कापण्यासाठी. माझा लेख तेवढा त्यांना दाखवू नये, अशी मी समितीला हात जोडून विनंती केली आणि समितीने ती मानली. म्हणून ताईही हे आपल्या सर्वांबरोबरच वाचतील. ताई, तुम्ही सांगितलेले मी मोडले आहे. 'गेले' हा शब्द तुमचा नव्हता, माझा होता, आणि तुमच्या पंचाहत्तरीला देण्यासारखे माझ्याजवळ एवढेच होते.

त्या माझ्यावर रागावणार हे नक्की. त्यांनी रागवावे, सावकाश रागवावे, पुढची पंचवीस वर्षे खणखणीत आवाजात रागवावे. तेवढे निरोगी आयुष्य त्यांना लाभो, आणि ते सगळे ऐकायला मी समोर असावे.